बांधापलीकडचा पांढरा पतंग

माझा राग लवकर जात नाही. माहेरच्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, सासरच्यांना वांग्यांमुळं कळलं.

आमचा मळा नाशिक शहराला लागूनच आहे. नवरा नाशिक रोडला नोकरीला जातो, मोठे दीर ट्रकवर असतात, त्यामुळं शेतीचं सगळं आम्ही दोघी जावा आणि सासरे मिळून बघतो. बांधाच्या अलीकडं आमचं आणि सासऱ्यांचं घर, पलीकडं थोरल्या जावेचं. मी तिला ताई म्हणते आणि कितीही संताप आला तरी अहो-जाहोच करते, तेवढं वळण आईनं लावलंय. सासऱ्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. लग्नानंतर दादांनी विहिरीजवळचा दहा गुंठ्यांचा तुकडा मला करायला दिला. नावावर नव्हे, नुसता करायला. पण त्यात काय लावायचं, कधी तोडायचं, हे मी ठरवायचे. एवढ्या मोठ्या घरात कुणाला न विचारता करावं असं माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

त्यात मी काटेरी वांगी लावली होती. श्रावणात पहिला मोठा तोडा घेऊन मार्केटात गेले. ताई कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन त्याच टेम्पोत होत्या. व्यापाऱ्यानं माझ्या क्रेटमधलं एक वांगं उचललं, चाकूनं दोन फाका केल्या, तर आत गुलाबी अळी आरामात वळवळत होती. दुसरं चिरलं, त्यातही तेच. "घेऊन जा वहिनी, गायीला घाला," तो म्हणाला. त्याचा मला राग आला नाही, त्याचा धंदाच आहे तो. पण ताई चार बायकांत मोठ्यानं म्हणाल्या, "नुसतं औषध मारून काय होतंय? हाताला यश पायजे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वर आणखी, घरी आल्यावर मी पाय धुवून आत जाईपर्यंत त्यांनी ते दादांच्या कानावर घातलंही होतं. दादा शांतपणे म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाय जमलं तर तो तुकडा थोरलीला दे. ती गुलाब लावायचं म्हणती." म्हणजे हे आधीच ठरत आलं होतं. माझी वांगी किडायची तेवढी वाट बघणं चाललं होतं.

मी दोन गोष्टी मनाशी ठरवल्या. तुकडा सोडायचा नाही, आणि हे ज्यानं कुणी केलंय त्याला सुखानं जगू द्यायचं नाही. त्यात अळी पहिली.

ज्याला मारायचं त्याची सगळी कुंडली माहीत हवी. मी चार किडकी वांगी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली, तोंडाला पंच्याचं फडकं बांधलं आणि बरणी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली. नवरा म्हणाला, "लोक मांजर पाळतात." मी म्हटलं, "मांजराला मी मारणार नाहीये."

अळ्या पोट भरल्यावर वांग्याला भोक पाडून बाहेर आल्या. बोटाच्या पेराएवढ्या, गुलाबी, तपकिरी डोक्याच्या. मी टाकलेल्या वाळक्या काडीला चिकटून त्यांनी स्वतःभोवती राखाडी कोश विणले. काडीच्याच रंगाचे, इतके बेमालूम की मी रोज बघत होते म्हणून दिसले. आठवडाभरानं सकाळी चहा टाकताना बघते तर फडक्याला आतून एक पांढरा पतंग बसलेला. नखाएवढा. पांढऱ्या पंखांवर तपकिरी डाग, मध्येच गुलाबी झाक, आणि शेपटीकडचा भाग ऐटीत वर उचललेला. देखणा होता मेला. त्यामुळं तर माझा राग आणखी वाढला. माझ्या वांग्यांचं भुसकट करून हा असा नटून बसणार.

कृषी सेवा केंद्रातल्या माणसाला बरणी दाखवली. त्यानं सांगितलं, याची मादी पानांखाली आणि कोवळ्या शेंड्यांवर एकेक अंडं घालत जाते. अळी निघाली की तासाभरात शेंड्यात नाहीतर फळात शिरते, शेंडा मान टाकतो आणि मग वरून मारलेलं औषध तिला लागतच नाही. म्हणजे इतके दिवस मी पंप पाठीवर घेऊन पानंच धूत होते. त्यानं मला कामगंध सापळे दिले. पाण्याचं एक भांडं, वर मादीच्या वासाची छोटी रबरी गोळी. नर वासावर येतो आणि खाली साबणाच्या पाण्यात पडतो.

सांगायला लाज वाटत नाही, मला फार बरं वाटलं. नवरदेव मुंडावळ्या बांधून यावा तसे ते यायचे आणि बुडायचे. मी रोज सकाळी आधी सापळे बघायचे, मग देवाला दिवा. मान टाकलेले शेंडे खुडून आणायचे आणि उकळत्या पाण्यात टाकायचे. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बाई, जीव आहे त्याला. असू दे जीव. मलाही आहे.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. विहिरीकडच्या सापळ्यांत थोडे पतंग, आणि बांधाकडच्या सापळ्यांत खच. मी बांधावर उभी राहून पलीकडं बघितलं, तर समोरच ताईंचा काड्यांचा ढीग.

आमच्याकडं वांग्याचं जुनं झाड उपटलं की फेकत नाहीत. वाळवून अंघोळीच्या पाण्याला जाळतात, ती काडी भुर्रकन पेटते. सगळ्यांच्या घरामागं असा ढीग असतो, माझ्याही असायचा. त्या वर्षी माझ्या घरात गॅसचा गिझर आला म्हणून मी माझा आधीच संपवला होता. ताईंचं जुनं वांगं मात्र अजून उभं होतं. त्या उघडीप मिळेल तसं थोडं थोडं उपटून बांधावर रचत होत्या, वर ताडपत्री. मी एक काडी ओढून मोडली. सालीला चिकटलेले तेच राखाडी कोश, बरणीतल्यासारखे.

मी सरळ जाऊन सांगितलं, "ताई, अळी तुमच्या ढिगातून येतीये. जाळून टाका." त्या म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं. माझं पाणी काय तुझ्या गिझरात तापवू?"

मी तडक मागं फिरले. घरी आले, लग्नात माहेरून आलेली मच्छरदाणी पेटीतून काढली, आणि ताई मार्केटला गेल्यावर तो सगळा ढीग तिच्यात झाकून कडेनं चिखल थापला. त्या आल्या, बघितलं आणि हसल्या. "काड्यांना डास चावतात का गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "राहू द्या, तुमची काडी कुठं जात नाही." चौथ्या दिवशी सकाळी मी दादांना हाताला धरून बांधावर नेलं आणि ताईंनाही हाक मारली.

जाळी आतून पांढऱ्या पतंगांनी भरली होती. दादांनी वाकून जाळीला टिचकी मारली. मी बरणी आणली होती, ती त्यांच्या हातात दिली. "हाच तो," म्हटलं. आणि ताईंकडं वळून, दादांनाही ऐकू जाईल असं मी म्हणाले, "यश कुणाच्या हाताला नाही, ते आता बघून घ्या." दादांनी मला गप्प केलं नाही. ते फक्त म्हणाले, "थोरले, पेटव ते. जुनी झाडंबी आजच उपट." ताईंनी स्वतःच्या हातानं ढीग पेटवला. ओल्या काड्यांचा धूर त्यांच्याच डोळ्यांत जात होता. मी शेवटपर्यंत उभी राहिले.

दसऱ्यापासून माझी वांगी स्वच्छ निघू लागली. दिवाळीच्या फराळाला बसल्यावर दादा म्हणाले, "तुकडा राहू दे तुझ्याकडं." ताई चकली मोडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. इतकं गोड मी त्या दिवाळीत दुसरं काही खाल्लं नाही.

पुढच्या आषाढात ताईंनी गुलाबाचं नाव काढलं नाही. बांधाला लागून त्यांनीही काटेरी वांगीच लावली, आणि एक दिवस दारात येऊन म्हणाल्या, "ती वासाची गोळी मला पण दे की एक."

माझ्याकडं दोन होत्या. एक नवी, पाकीटबंद. दुसरी दोन महिने उन्हात लटकलेली, वास उडालेली, दिसायला अगदी सारखीच. मी जुनी उचलली. मुठीत धरली. आणि मग डोक्यात आलं, या बाईच्या वांग्यात अळी पडली की तिचा पतंग होणार, आणि त्या पतंगाला बांध कुठला कळतोय? चार पंख मारले की माझाच तुकडा.

मी नवी गोळी दिली. दात-ओठ खात दिली. आजही देते. गोळी बदलायची वेळ झाली की मीच बांध ओलांडून त्यांच्या सापळ्यात नवी बांधते, साबणाचं पाणी बदलते, त्यांचे मान टाकलेले शेंडेसुद्धा खुडते. गावातल्या बायका म्हणतात, जावा असाव्यात तर अशा. ताई त्यावर लाजल्यासारखं हसतात, आणि मला त्यांचा शेंडा खुडतच राहावं लागतं.