वाटेत बदलणाऱ्या तारखा

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत मी शिकवते. हिंगणघाटहून रोज जाऊन-येऊन करते. कॉम्प्युटर येतो म्हणून मुलांच्या याद्या तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाला मेल करायचं काम कधीतरी माझ्याकडे आलं आणि माझंच होऊन गेलं.

एका वर्षी यादी पाठवली आणि दोन दिवसांत ती कार्यालयातून परत आली. जन्मतारखा चुकल्या होत्या. पाच ऑगस्टला जन्मलेली मुलगी आठ मेची झाली होती. मी मुलांच्या प्रवेशाचं दाखल-खारीज रजिस्टर काढलं, एकेक नाव ताडून पाहिलं. माझ्या फाईलमध्ये सगळं बरोबर होतं. पुन्हा पाठवली. पुन्हा तशीच परत आली.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, जरा लक्ष देऊन करत जा."

मग मी ती फाईल स्वतःलाच मेल केली. बरोबर आली. नवऱ्याला पाठवली, तिथेही बरोबर. तिसऱ्यांदा कार्यालयातून परत आल्यावर मात्र माझाच माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडायला लागला. घरी भाजी चिरतानाही मनात तारखा चालायच्या. बिघडलेल्या यादीकडे बघता बघता एवढं लक्षात आलं, की बारा तारखेनंतर जन्मलेल्या मुलांना काहीच झालेलं नव्हतं.

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी समुद्रपूरला त्या कार्यालयात गेले. याद्या बघणारे बाबू निवृत्तीला आलेले होते. त्यांनी मला खुर्ची दिली.

"भाऊ, माझा मेल तुम्ही कसा उघडता, ते दाखवता का जरा?"

"दाखवतो ना. मी तं हातई नाई लावत मॅडम. उघडतो, सेव्ह करतो, बस."

त्यांनी फाईल उघडली आणि माझ्यादेखत पाच ऑगस्टचा आठ मे झाला. त्यांच्या मशीनवर तारखेची मांडणी अमेरिकन पद्धतीची होती, आधी महिना आणि मग दिवस. माझं ५/८ तिथे आठ मे वाचलं जायचं; तेरावा महिनाच नसल्यामुळे बारानंतरच्या तारखा मात्र तशाच राहायच्या. मेलमध्ये काहीच बदलत नव्हतं.

"ही सेटिंग बदलू का?"

"बदला. पण मशीन बंद नाई पडली पाहिजे."

मी बदलली. मेलमधली फाईल नव्याने उघडली. मुलगी ऑगस्टमध्ये परत आली.

बाबूंनी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. इतर शाळांना परत पाठवलेल्या याद्यांच्या प्रती होत्या त्या.

"म्हणजे या सगळ्यायले मी उगाच बोललो," ते म्हणाले. "एक बाई तं रडली होती फोनवर."

त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी पहिल्या शाळेला फोन लावलाही होता. "तुमची यादी बराबर होती, मॅडम. चूक इकडं होती," असं ते सांगत होते.

परतीच्या बसमध्ये मला बरं वाटायला हवं होतं. पण नुसतीच झोप येत होती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "यादी मंजूर झाली म्हणे. आधीच अशी पाठवली असती तर?"

मी सांगायला सुरुवात केली. दिवस, महिना, मशीनची मांडणी. मध्येच त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. मी थोडा वेळ थांबले. मग तासाची घंटा झाली, तशी सहावीच्या वर्गावर गेले.