पहिला घाव मालकाचा

सगळे त्याला मुकादम म्हणत. बारक्या म्हणणारी एकच उरली होती, त्याची थोरली बहीण. आणि हा बारक्या म्हणजे कुठल्याही दारातून आत शिरताना मान वाकवून अंग तिरपं करावं लागणारा गडी!

त्याचं काम पट्टा मोकळा करण्याचं. पाण्याची मोठी लाइन जिथून जाते, ती जमीन असते लोकांचीच. पण तेवढ्या पट्ट्यावर हक्क लाइनचा. वर काही बांधायचं नाही, झाड लावायचं नाही, उद्या पाइप फुटला तर गाडी आत शिरली पाहिजे. वाचायला किती सोपं! ज्यांच्या परसातून कधी पट्टा गेलाच नाही, त्यांना तर फारच सोपं. प्रत्यक्षात तिथे कुणाचं पेरूचं झाड असतं, कुणाची न्हाणी, कुणाचं खुराडं. टोळी दोन्ही कडांना चुन्याची रेघ मारायची, मग कोयते, करवती, पहारी, आणि शेवटी मुळं उपटायला जेसीबी.

टोळीला एक नियम मुकादमानेच घालून दिला होता : पहिला घाव मालकाचा. मालकाने एक फांदी तोडायची, नाहीतर एक पत्रा सैल करायचा, मगच टोळी हात लावणार. साहेबांना ही थेरं वाटत. "अहो, हक्क आपला आहे. परवानगी कसली मागताय?"

"परवानगी नाही साहेब, मान आहे."

आणि गंमत म्हणजे, दगड घेऊन आलेली माणसंसुद्धा कोयता हातात घेतला की गप्प व्हायची. त्याच्या कामावर कधी डोकी फुटली नाहीत. याचा त्याला अभिमान होता.

मग लाइन बहिणीच्या शेडवर आली. नवरा गेल्यावर तिने ती शेड उभी केली होती, आणि तिथल्या इस्त्रीवर घर चालवलं होतं. मुकादमाने नकाशा आधीच पाहिला होता, पण तिला सांगायला त्याची जीभ रेटली नाही. तिला कळलं ते थेट चुन्याची रेघ टेबलाखालून गेली तेव्हा.

टोळी समोर उभी राहिली. करवतीवाली मावशी हळूच म्हणाली, "आज मुकादमाच्याच तोंडाला इस्त्री झालीय. एक सुरकुती हलेल तर शपथ."

कुणी हसलं नाही. मुकादमाने पहार पुढे केली. "ताई, पहिला घाव..."

"मालकाचा. माहितीये मला," ती म्हणाली. हातातला शर्ट तिने पुरता घडी केला, कॉलर बसवली, गठ्ठ्यावर ठेवला. "मी नाही घालणार."

"ताई, मान आहे हा."

"कुणाचा मान रे बारक्या? पाडायचं तुम्हाला, आणि घाव माझा? म्हणजे उद्या मी कुणापुढे रडायला गेले, तर लोक म्हणतील, बाई, सुरुवात तर तूच केलीस! शहाणा आहेस. लोकांच्या हातून त्यांचंच घर पाडून घेतोस आणि आपले हात धुऊन मोकळा होतोस."

ते गप्प होणारे लोक एकदम मुकादमाच्या डोळ्यांसमोर आले. त्याला वाटायचं, त्यांची समजूत पटली. समजूत कसली डोंबलाची! त्यांची तोंडं त्याने बंद केली होती, तीही त्यांच्याच हातांनी.

"माझ्यावर डाफरायचंय ना तुला?" तो म्हणाला. "मग डाफर. मी आधी सांगायला हवं होतं. भ्यालो."

"कुणाला, साहेबाला?"

"तुला."

मावशीने तोंडाला पदर लावला.

"ही शेड मी पाडतोय, ताई. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

पुढे होऊन त्याने पहार पहिल्या पत्र्याखाली घातली. खिळा कर्रर्र करत वर आला. टोळीतला कुणी जागचा हलला नाही; नियम मोडताना मुकादमाला त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. रडं आवरावं तशी बहिणीने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. दुसरा खिळा निघाला. तिसऱ्याला पत्रा दुमडायला लागला, तशी ती कडाडली, "अरे आंधळ्या, वाकवतोस काय! रेघेपलीकडच्या भिंतीला मला तेच पत्रे पुन्हा लावायचेत. आधी खालून मोकळा कर!"

"मोकळा करतो."

"आणि तुम्ही सगळे तमाशा बघायला आलात का? टेबल उचला. त्या रेघेच्या पलीकडे. अजून पलीकडे! पुन्हा उचलायला लावलं तर याद राखा."

टोळीने मुकादमाकडे न पाहताच टेबल उचललं.