पृथ्वीगोलावरचं कुंकू

चौथीच्या परीक्षेच्या सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं, "नापास झालीस तर बस्स. मंग शाळा बंद, शेतात चल." आणि निकाल ऐकायला स्वतः टेंभुर्णीच्या शाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

त्यात माझं पाठांतर म्हणजे आनंदीआनंद! आमच्या गुरुजींना मात्र त्याची चिंता नव्हती. ट्रेनिंगहून आल्या आल्या त्यांनी भिंतीवर खडूनं तीन पायऱ्यांची शिडी काढली होती: सांग, समजावून सांग, करून दाखव. इतर शाळांत सरकारी पृथ्वीगोल फुटेल म्हणून कपाटात कुलूपबंद असायचा. आमचा बाहेर असे. "पण त्याला हात तिसऱ्या पायरीवर," गुरुजी म्हणायचे. "आधी डोकं, मंग गोल."

दसऱ्याला घरी नांगरापासून मापापर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. मी गोलालाही लावलं होतं, आपला मुलूख असतो तिथं, चांगलं तेलात कालवून. ते काही निघेना.

परीक्षा घ्यायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी मला उभं केलं. "दिवस-रात्र का होतात? व्याख्या सांग."

"पृथ्वी स्वतःभोवती..." पुढचं पार उडालं. तेवढ्यात साहेबांना गोल दिसला. "हा डाग कोणी पाडला? सरकारी वस्तू आहे ही!"

गुरुजींचा चेहरा उतरला. तरी ते हळूच म्हणाले, "बाळ, करून दाखव."

मी गोल उचलला. दारातून ऊन यायचं, पण दारात अण्णा.

"अण्णा, बाजूला सरा."

वडिलांना असं बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. अण्णा सरले. ऊन कुंकवावर पडलं.

"हे आपण. आत्ता दिवस." मी गोल फिरवत गेले, कुंकू सावलीत गेलं. "आता आपल्याकडं रात."

"मंग पल्याडच्या लोकायला दिवस?" अण्णांनीच विचारलं.

"हो."

"म्हंजी आपुन झोपलो का ते औत जुपतेत?"

"बराबर, अण्णा."

साहेबांनी टाक उचलला. "व्याख्या आली नाही. नापास." अजून तळपायाची आग मस्तकात जाते! तेव्हा मात्र मला नुसतं रडू फुटलं.

वाटभर अण्णा माझ्यापुढं झपाझपा चालत राहिले. उद्यापासून हातात खुरपं, हे मी धरूनच चालले होते.

दिवेलागणीला त्यांनी कंदील ओट्यावर ठेवला, घरातला भोपळा आणला आणि आईकडून कुंकवाचा करंडा मागून घेतला. भोपळ्यावर कुंकवाचं एक बोट टेकवलं.

"ही आपली टेंभुर्णी. आता फिरव. सावकाश, मला कळलं पायजे."

मी फिरवला. त्यांनी परत फिरवायला लावला. मग स्वतः फिरवला, कुंकू उजेडात येईपर्यंत.

"चौथीला पुन्हा बस," ते म्हणाले. "अन् गुरुजींना विचार, माझ्यासारख्याला कोणत्या पायरीवर घेतेत."