शाळेच्या केंद्रावर शून्य

एका बाईचा डबा मी रिकामा परत केला. धुऊन, पुसून, झाकण घट्ट लावून, आणि आत साखरेचा दाणाही न ठेवता. घरी आलेला डबा रिकामा जाऊ द्यायचा नाही, दोन लिंबं तरी जावीत, चिमूटभर साखर तरी जावी, हे मला माझ्या आईनं शिकवलं आणि मी माझ्या सुनेला. तरी मी तो रिकामा दिला. तो रिकामा आहे हे त्या बाईला नीट कळावं म्हणून देताना जरासा हलवूनही दाखवला. तेव्हा मी सत्तरीला टेकलेली. या वयापर्यंत माणसाला अक्कल येते म्हणतात. माझ्या तर आहेत त्या दाढाही पडत होत्या.

हे घडलं विमानतळाला लागून असलेल्या हूफडॉर्प नावाच्या डच गावात. करोना ओसरत होता, विमानं सुरू झाली होती, आणि मी तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन नागपूरहून मुलाकडे आले होते. दोन वर्षं नातीला फोनच्या काचेतच पाहिलेलं. ती आता माझ्या खांद्याला लागत होती आणि मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देत होती. आल्या आल्या तिनंच बातमी दिली, "आजी, मम्मा इज ऑन द बॅलट."

सून निवडणुकीला उभी होती. इथे पाच वर्षं कायदेशीर राहिलं की परदेशी माणसालाही गावच्या निवडणुकीत मत देता येतं आणि उभंही राहता येतं. वसाहतीजवळून जाणारी बस बंद केली म्हणून ही अर्ज-विनंत्या करत हिंडली, हिंडता हिंडता एका स्थानिक पक्षाच्या लोकांना भेटली, आणि त्यांनी तिचं नाव यादीच्या पार शेपटाला लावलं. निवडून येणार नाही हे तिला ठाऊक होतं. "आई, शंभरेक लोकांनी माझ्या नावापुढे खूण केली ना, तर बसचं बोलताना ते मला खुर्ची देतील," असं म्हणायची. तिची आकांक्षा एका खुर्चीची. माझी मात्र एव्हाना महापौराच्या सासूएवढी झाली होती.

तिरकं समोरच्या घरात एक पुण्याची बाई राहायची. संशोधनाच्या कामावर, एकटीच, सुनेच्याच वयाची. दोघी रोज संध्याकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला जायच्या. सुनेचे वडील अमरावतीला करोनानं गेले तेव्हा विमानं बंद होती. माझा मुलगा स्वतःच तापानं वरच्या खोलीत कोंडलेला. सगळा अंत्यविधी हिनं लॅपटॉपवर पाहिला, आणि त्या वेळी ही पुण्याची बाई तिच्या शेजारी, मास्क लावून, हात धरून बसली होती. हे सुनेनं मला आल्यावर सांगितलं. "आई, इथे मला तीच एक आहे," म्हणाली.

मी ऐकलं. डोळे पुसले. आणि तरी त्या बाईचं आडनाव ऐकून मनात एक खुंटी ठोकूनच ठेवली. आमच्या आडनावावरून लोकांनी आयुष्यभर आम्हाला ओळखलं. भाड्यानं घर द्यायच्या आधी, माठातलं पाणी द्यायच्या आधी. मग मीही ती विद्या शिकले आणि गुरूच्या वर गेले. माझे मोठे दीर एकदा नगरपालिकेला उभे होते. पलीकडच्या बामणआळीनं त्यांना चहा पाजला, हार घातला, "गुरुजी, तुमच्यासारखा माणूस नाही," असं म्हटलं. पेट्या उघडल्या तर त्या आळीच्या पेटीतून त्यांच्यासाठी काडी निघाली नाही. हार मात्र चांगला होता, दोन दिवस टिकला. तेव्हापासून गोड बोलणारा मतदार दिसला की माझा कान टवकारतो.

आणि ही बाई गोड बोलायची. "अगं, तुझ्याशिवाय कोण बोलतंय त्या बसबद्दल!" असं सुनेला म्हणायची. बोलली ती बसबद्दल. मताबद्दल एक अक्षर नाही. मी टिपून ठेवलं.

मतदानाला दोन दिवस उरले आणि मुलगा-सून दोघांच्याही चाचणीवर दोन रेघा उमटल्या. नातीच्या आणि माझ्या नाही. माझं उन्हाळ्यातच नागपुरात होऊन गेलं होतं. घराबाहेर पडायची दोघांना बंदी. मला वाटलं, संपलं. तर सून शांतपणे म्हणाली, "शेजारणीला देते."

"काय देते?"

"मत."

इथे तशी सोय आहे. आजारी माणूस मतदानाच्या कार्डावर मागे सही करतो, ओळखपत्राची प्रत जोडतो आणि दुसऱ्याच्या हाती देतो. तो आपलं मत देताना यांचंही देऊन येतो. बोटाला शाई नाही. एक लाल पेन्सिल आणि चादरीएवढा कागद. मी हे ऐकून खुर्चीत बसले.

कारण मी निवडणुकीच्या ड्युटीची बाई. पंचविशीत शाळेनं मला एका खेड्यावर धाडलं होतं. नवं लग्न, नवी नोकरी, नवं घड्याळ. मतपेटीशेजारी अशी बसले होते, जणू त्यात माझेच दागिने आहेत. एक म्हातारी मुलाच्या आधारानं मत द्यायला आली. तो तिच्यासोबत आडोशाला जाऊ लागला तशी मी आडवी झाले. "गुप्त मतदान आहे!" असं केकाटले की बाहेरची रांग मोडली. म्हातारीला दिसत नव्हतं, हे मला नंतर कळलं. तिनं शिक्का माझ्या टेबलावर मारला आणि लोकशाहीला आशीर्वाद देत घरी गेली. मी मात्र महिनाभर शाळेत सांगत होते, मी कसं बोगस मतदान रोखलं.

असल्या माझ्यासमोर आता सुनेनं दोन मतं कोथिंबिरीच्या जुडीसारखी दाराबाहेर ठेवली आणि शेजारीण ती उचलून घेऊन गेली.

"तिनं दुसऱ्यालाच दिलं तर?" मी विचारलं.

"आई, तुला थोडा काढा देऊ का?" मुलगा वरून खोकत म्हणाला.

पुढचे चार दिवस शेजारणीचा डबा येत होता. मुगाची खिचडी, आमटी, एकदा साबुदाण्याची खीर. आमटीत गूळ. मी म्हटलं, गूळ आमटीत आहे की बोलण्यात तेच कळत नाही. मतदानाच्या संध्याकाळी ती डबा ठेवायला आली तेव्हा मी दारातच गाठलं.

"पडली ना गं मतं नीट?"

"हो हो, काकू, दिली," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता, सायकलच्या कुलपाकडे पाहत. "ताप कसा आहे हिचा?"

ड्युटीवरच्या बाईला एवढं पुरे. सरळ उत्तराचे डोळे कुलपाकडे जात नाहीत.

निकाल लागला. पक्षाला जागा मिळाल्या, सुनेला अर्थात नाही. तापात तिनं एकूण आकडा पाहिला, शंभराच्या पुष्कळ अलीकडे, "ठीक आहे," म्हणाली आणि झोपली. मी नाही झोपले. इथली नगरपालिका सगळा हिशोब उघडा टाकते. कुठल्या केंद्रावर कुठल्या उमेदवाराला किती, नावनिशी. मला डच येत नाही, पण नाव वाचता येतं आणि आकडा कुठल्याही भाषेत आकडाच. मुलाच्या लॅपटॉपवर मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या शाळेचं केंद्र शोधून काढलं. आमचं केंद्र. आणि यादीत खाली खाली बोट नेत सुनेच्या नावावर आले.

शून्य.

मी चष्मा पुसला. शून्यच. वसाहतीतली बाकीची मराठी घरं नवी, त्यांना मत नाही, ते सोडा. पण दोन मतं तर या दोघांनी स्वतःच्या सहीनं दिली होती! गावाकडे ज्याला काळं कुत्रं विचारत नाही त्या उमेदवारालाही स्वतःचं एक मत पडतं. माझ्या सुनेला तेही नाही. म्हणजे तिचं मत घेऊन गेलेल्या बाईनं ते दुसरीकडे टाकलं. बामणआळीची पेटी हूफडॉर्पपर्यंत आली होती.

सुनेला मी काही बोलले नाही, ती तापात. मी खिडकीशी बसून समोरच्या घरावर पाळत ठेवली. शेजारीण कचरा टाकायला आली, मला वाटलं, बघा, कशी खाली मान. सायकल पुसत होती, मला वाटलं, हात धुते आहे. शेवटी ती डबा न्यायला आली तेव्हा मी तो दिला. रिकामा. हलवून.

आणि म्हणाले, "निकाल पाहिला हो आम्ही. तुमच्याकडचं मत आमच्याकडे पोचलं नाही."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तो रंग जाताना पाहून मला जे समाधान झालं, ते अजून आठवतं. डबा छातीशी धरून ती रस्ता ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुनेची बंदी संपली, तिनं बूट घातले, शेजारणीची बेल वाजवली, दार उघडलं नाही. मग एकटीच कालव्यावर गेली आणि लवकर परत आली. मेसेज पाठवले, निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. जेवताना ताटात बोट फिरवत म्हणाली, "माझ्यामुळे तिला करोना झाला का? बोलतच नाहीये. मी काही चुकले का, आई?"

तेव्हा मी विजयी मुद्रेनं सगळं सांगितलं. "तू नाही चुकली, ती चुकली. तुझं मत खाल्लं तिनं. आपल्या केंद्रावर तुला शून्य आहे, हे बघ."

सून आधी हसली. मग तिचं हसू थांबलं. "आई, तुम्ही तिला हे बोललात?"

"बोलले म्हणजे, डबा दिला. रिकामा."

मुलानं कपाळाला हात लावला. "अगं आई, इथे ठरलेलं केंद्र नसतं. पूर्ण गावात कुठेही मत देता येतं. शेजारीण ट्रेन पकडायला स्टेशनवर जाते, तिथेच केंद्र असतं, तिथे देते दर वेळी."

माझ्या सत्तर वर्षांच्या ज्ञानात मतदार म्हणजे खुंट्याला बांधलेला. वॉर्ड अमुक, खोली तमुक, यादीतला क्रमांक अमुक. मत ट्रेन पकडायला जाताना वाटेत टाकून देता येतं, हे माझ्या स्वप्नात नव्हतं.

सुनेनं स्टेशनचं केंद्र उघडलं. बोट खाली आलं. तिच्या नावापुढे दोन होती.

"पाहिलंत? दोन्ही दिली तिनं," ती म्हणाली. मी मान खाली घातली. पण तिचंही बोट तिथून हललं नाही. दोन तिची आणि माझ्या मुलाची. बरोबर. मग शेजारणीचं?

सुनेनं लॅपटॉप बंद केला आणि भांडी घासायला उठली, मशीन असताना.

त्या दोघींचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. अजूनही फिरायला जातात. विमानांच्या आवाजावरून कडाडून भांडतात, मग घरी येऊन चहा पितात. पण मध्ये एक आठवडा असा गेला की माझ्या घरात कुणी मोठ्यानं चमचाही ठेवला नाही, आणि तो आठवडा माझा.

स्टेशनचं केंद्र उघडलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पाटवड्या केल्या आणि रस्ता ओलांडला. बेल दाबली आणि पदर सारखा करून उभी राहिले, दाखवायला आणलेल्या पोरीसारखी. तिनं दार उघडलं. आत या म्हणाली नाही.

"बाई," मी म्हटलं, "मी मूर्ख आहे. मला वाटलं मत शाळेतच पडतं. तू आमची दोन्ही मतं दिलीस, आम्ही पाहिलं. काल सुनेनं स्टेशनचं केंद्र उघडलं."

"तिनं पाहिलं?" तिनं एकदम विचारलं.

"पाहिलं नं."

"दोन पाहिली?"

"दोन."

तिनं दाराच्या कडेला डोकं टेकलं. डोक्यावरून एक विमान गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या. मी उगीच म्हणाले, "जाऊ दे गं, कुणाला दिलं ते मी विचारत नाही."

ती म्हणाली, "काकू, तिच्या पक्षाला ही विमानं अजून वाढवायची आहेत. तिची दोन मतं माझ्याकडे ठेव होती, ती मी डोळे झाकून दिली. तिसरं माझं होतं, ते मी नाही देऊ शकले, आणि पहिल्या दिवसापासून हे तिला कसं सांगू तेच मी जुळवत होते. तिचा ताप उतरला की कालव्यावर सांगणार होते. मी सांगायचं होतं ते, काकू. तेवढं तरी माझ्यासाठी ठेवायचं होतंत."