अस्लमच्या बाटलीतलं पाणी

सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि विश्रांतवाडीत राहायला आलो. सकाळी बागेत फिरायला जातो. तिथल्या बाकावर रोज युद्ध होतं. मंडळी शत्रूचा निकाल लावतात आणि मग शुगर तपासायला जातात. त्यांतले एक परवा मला म्हणाले, "अहो, हाती लागलेल्याला जिवंत सोडायचंच कशाला?" मी पुढची फेरी सुरू केली. त्यांचं काहीच गेलेलं नाही. ज्यांचं गेलं, त्यांना उत्तर देतानाच माझी पुरेवाट होते.

आमची पोस्टिंग काश्मीरला होती. सैन्यात दोघादोघांची जोडी असते. एक झोपला की दुसरा जागतो. माझा बडी लान्स नायक अस्लम, येरवड्याचा. वडील शिंपी. त्यांनी त्याच्या पाण्याच्या बाटलीला जुन्या ब्लँकेटचं कव्हर शिवून दिलं होतं. गस्तीवर आम्ही आधी एकाची बाटली संपवायचो, दुसरी भरलेली ठेवायचो. कुणाचीही असो, उघडली की अस्लम म्हणायचा, "आधी तू पी." वाद घालून उपयोग नसे.

त्या दिवशी पाळी माझ्या बाटलीची होती. दुपारपर्यंत ती संपली. नाल्याच्या वळणावर फायर आलं. पहिलीच गोळी अस्लमच्या गळ्यात लागली. मी त्याला दगडाआड ओढलं, पण तो गेला होता. त्याची भरलेली बाटली मी, का कोण जाणे, खांद्याला अडकवली.

फायर थांबल्यावर सुभेदार साहेबांबरोबर वर चढलो. तिथे एकटाच माणूस होता. मांडीत गोळी, रायफल रिकामी, हात वर. माझ्या रायफलची सेफ्टी ऑफ होती. मला त्याला मारायचं होतं. साहेबांनी रेडिओवर कळवलं, "एक जिवंत. जखमी."

पलीकडून हुकूम आला, "जिवंतच खाली आणा. ओव्हर."

तो पाणी मागत होता. साहेब म्हणाले, "पाणी दे."

"साहेब, माझी बाटली रिकामी आहे."

"मग खांद्यावरची दे."

दिली. तो अर्धी प्यायला. आज तो तिकडच्याच कुठल्याशा तुरुंगात आहे, दोन वेळ जेवतो.

अस्लमला घरी मीच घेऊन आलो. बाटली तशीच त्याच्या वडिलांच्या, चाचांच्या हातात दिली. अर्धीच कशी, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

चाचांनी कव्हरवरून हात फिरवला. "तहानलेल्याला नाही म्हणू नये, हे मीच त्याला शिकवलं," ते म्हणाले. "पण बंदूक तुझ्या हातात होती ना?"

दर वर्षी त्या दिवशी मी येरवड्याला जातो. वाटेत तुरुंगाची भिंत लागते. तो माणूस तिथे नाही, तरी मी तिकडे बघत नाही. चाचा शिलाईचं मशीन थांबवतात आणि दर वेळी एकच प्रश्न विचारतात : मारलं असतंस, तर मला झोप लागली असती का? माझी चिडचिड होते. हो म्हणावं, तर मग त्याला जिवंत सोडलं कशाला? नाही म्हणावं, तर अस्लमच्या बापाला ते कुठल्या तोंडाने सांगू? हुकूम, कायदा सगळं मला पाठ आहे. त्या मशीनसमोर त्यातलं काही चालत नाही.

"माहीत नाही, चाचा."

"मलाही नाही."

मग ते आतून ती बाटली भरून आणतात. कव्हर उसवलं की पुन्हा शिवतात. गेल्या खेपेला मी ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"आधी तू पी," म्हणाले.

अस्लम असं म्हणायचा, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.