तानूबाईची टाकी

तानूबाई कुणाच्याही घरी गेली की आधी जात्याचा वरचा दगड उचलून बाजूला ठेवायची आणि खालच्या दगडावर डोळे मिटून बोटं फिरवायची. त्या घरानं वर्षभरात किती दळून खाल्लं, हे तिला तेवढ्यात कळायचं. दिवाळीनंतर वडूजकडची गावं ती पायी फिरे आणि झिजून गुळगुळीत झालेल्या जात्यांना छिन्नीनं टाकी लावून पुन्हा खरखरीत करून देई. मजुरी सूपभर ज्वारी.

लढाईची महागाई होती. अडलेल्या घरांना स्वस्त धान्य मिळणार होतं आणि त्यांची यादी करायचं काम शाळामास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडलं होतं. दोन वर्षांपूर्वीची यादी होतीच. ओसरीवर बसून मी तिचीच नक्कल उतरवत होतो. शेजारच्या अंगणात तानूबाई जातं ठोकत होती.

"मास्तर, तीच नावं?"

"गरीब तेच असणार. दुसरे कुठून आणू?"

"आवं, गरिबी काय एकाच दारात खुट्टा ठोकून बसतिया व्हय? ह्या घरातनं उठती, त्या घरात शिरती."

मला रागच आला. अक्षरशत्रू बाई मला शिकवणार! म्हटलं, दाखवा. आणि तिच्या मागोमाग निघालो.

यादीतल्या पहिल्याच घराचं जातं आरशासारखं गुळगुळीत. थोरला पलटणीत गेल्यापासून तिथं दोन्ही वेळा भाकरी होती. मग आम्ही गावातल्या एकुलत्या माडीच्या घरी गेलो. तिथं गेल्या वर्षीचे टाकीचे घाव जसेच्या तसे, बोटाला टोचत होते. बाहेर आल्यावर तानूबाई हळूच म्हणाली, "दळायला काय असंल तर झिजंल. ती मानसं तोंडानं न्हाई सांगायची. तुमी गुमान नाव लिवा."

मी थक्क झालो. संध्याकाळपर्यंत माझी निम्मी यादी बदलली. माझ्या शाळेनं मला असलं काही शिकवलं नव्हतं.

"आता आमचंही बघा," मी गमतीनं म्हणालो.

तिनं आमच्या जात्यावर बोटं फिरवली आणि माझ्याऐवजी माझ्या बायकोकडे, भागीरथीकडे पाहिलं. भागीरथी पदर सावरत आत निघून गेली.

"मास्तर, तुमचं जेवान झाल्यावर वैनी काय खात्यात, कवा बघितलं?"

मी कधीच पाहिलं नव्हतं. मी दोन भाकऱ्या खाऊन उठायचो. ती मागाहून जेवते, एवढंच मला ठाऊक होतं. शरमेनं माझी मान खाली गेली.

"ह्याला टाकी नगं. घाव हायत तसंच हायत," म्हणत तिनं दगड जागेवर ठेवला. ज्वारी न घेताच ती निघाली. यादीच्या शेवटी मी माझं नाव लिहिलं, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघं एकाच वेळी ताटावर बसू लागलो.

पुढल्या दिवाळीनंतर तानूबाई आली. भागीरथीनं स्वतःच वरचा दगड उचलला. तानूबाईनं डोळे मिटले, बोटं फिरवली, पुन्हा एकदा फिरवली.

"लय झिजलंय की वं वैनी!" ती म्हणाली आणि तिनं छिन्नी काढली. भागीरथी सूप भरायला आत पळाली.