मेहिटाबेलच्या पायथ्याचा दगड

आल्मन पीझनं पन्नास वर्षं शेतांच्या कडेनं दगडी भिंती रचल्या, चुन्याचा कण न वापरता. कंबर गेली तशी गावानं त्याला जुन्या दफनभूमीतले कललेले दगड सरळ करायचं काम दिलं. मजुरी तो घेत नसे. त्याला तिथं मेहिटाबेल शोधायची होती, सात पिढ्यांमागची आजी. "तिच्यामुळं आपण आहोत आणि तिच्या डोक्याशी दगड नाही," असं आई मरेपर्यंत म्हणत होती. गावाच्या दप्तरात तिच्या जन्माची नोंद होती, १७३१ ची. थडगं सापडत नव्हतं.

नोव्हेंबर सरत आलेला. आठवड्याभरात जमीन गोठणार, आणि आल्मन शहात्तरचा. पुढच्या वसंताचा भरवसा नव्हता. वीतवीत अंतरावर लोखंडी सळई टोचत तो सरकत होता. मेपलच्या मुळाशी ठण्ण झालं. हातभर खोदल्यावर दगड दिसला. त्यानं धुतला.

'मेहिटाबेल, जोसाया पीझ यांची कन्या. मृत्यू १७३४. वय वर्षे तीन.'

तो ओल्या गवतात बसला. तीन वर्षांच्या पोरीला वंश कुठला? मग आपण कोणाचे?

सवयीनं त्यानं पायथ्याचा दगड शोधला, थडग्याच्या पायाकडच्या टोकाला पुरतात तो. लेकराचा डोक्याच्या दगडापासून दोन हातांवर असतो. तिथं सळई सरळ आत गेली. तीन हातांवरही गेली. चारावर, मोठ्या माणसाच्या मापावर, ठणकली.

गावाचं दप्तर सांभाळणारी वर्ना स्टॉडर्ड शाळेत त्याच्या वर्गात होती. "चिखल बाहेर ठेव," ती म्हणाली. मग ऐकून पानं उलटली. "पोर गेली की तिचंच नाव पुढच्या पोरीला द्यायचे, आल्मन. ही बघ दुसरी मेहिटाबेल, जन्म १७३५. पहिलीच नोंद बघून थांबलास? भिंत अशी रचत होतास होय?"

"ही कधी गेली?"

"१८१२. जागा लिहिलेली नाही. म्हणजे जन्मभर दर रविवारी स्वतःच्या नावाच्या थडग्यावरून प्रार्थनेला जायची बाई."

"आणि शेवटी त्यातच गेली. पायथ्याचा दगड कुणीतरी तिच्यासाठी सरकवलाय."

वर्नानं दप्तर मिटलं. "दोघी?"

"दोघी."

तो छिन्नी घेऊन परतला. मोठीचं साल तरी कोरावं. दगड पुन्हा घासला, तेव्हा लेखाखाली गुळगुळीत मोकळी जागा दिसली. तिच्यावर कारागिरानं अक्षरांसाठी आखून ठेवलेल्या दोन बारीक रेघा. वरच्या अक्षरांच्याच हातच्या, १७३४ मध्येच आखलेल्या. दुसरी तेव्हा जन्मली नव्हती.

आल्मननं सगळी दुपार कोरलं. साल आणि वय त्या रेघांत नेमकं बसलं. केसभरही जागा उरली नाही.